जुन्या ट्रकच्या हेडलाईटबद्दल जरा खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय की जुन्या ट्रकला कुठलंही नवं हाऊसिंग (म्हणजे बल्ब बसतो तो काच-रिफ्लेक्टरचा डबा) बसवा, आत एलईडी बल्ब टाका, उजेड दुप्पट होतो. असं नसतं हो.

उजेड रस्त्यावर कुठे पडणार हे रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी ठरवते, आणि तो फिलामेंटच्या (बल्बमधल्या तापणाऱ्या तारेच्या) नेमक्या जागेचा हिशोब करून बनवलेला असतो. एच४ बल्ब (लो आणि हाय बीम दोन्ही एकातच असलेला हेडलाईटचा बल्ब) हातात घेऊन बघा, लो बीमच्या, म्हणजे खालच्या झोताच्या फिलामेंटखाली छोटीशी पत्र्याची वाटी दिसेल, खाली जाणारा उजेड रिफ्लेक्टरवर आपटून वर उडाला असता, तो तीच अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यावर झोत जात नाही. एलईडीची चिप मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे झाली की झोत विस्कटतो, म्हणजे जवळ लख्ख दिसतं, लांबचं काहीच नाही, आणि समोरचा ड्रायव्हर आंधळा होतो. मी स्वतः हे करून बसलोय, दोन दिवसांत काढून टाकलं.

हाऊसिंग घेताना काचेवरचं मार्किंग वाचा. गोलात इंग्रजी ई (E) आणि आकडा असेल तर टाईप अप्रूव्हल आहे, म्हणजे तो नमुना अधिकृतपणे तपासून मंजूर झालाय. गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालते त्याप्रमाणे लेन्स वेगळी असते, हे तर हमखास विसरलं जातं. व्होल्टेज पण बघा, बऱ्याच ट्रकना २४ व्होल्ट असतात, १२ चा बल्ब लगेच उडेल.

आणि उजेड कमी वाटतोय म्हणून आधीच खर्च करू नका, जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडतं, अर्थिंग साफ करून रिले (दिव्याला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) टाकला तर तेच दिवे बरेच उजळतात.