व्हिपलच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक सर्जन’ या नावाने लिहिणारे महाशय, नमस्कार.

व्हिपल ऑपरेशनवरच्या, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढून टाकण्याच्या मोठ्या ऑपरेशनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की हे ऑपरेशन पहिल्यांदा अमेरिकन सर्जन अॅलन व्हिपल यांनी केलंच नव्हतं. उरलेलं स्वादुपिंड आतड्याला जोडा की जठराला, जोडातून पाचकरस गळण्यात फार फरक पडत नाही, असंही तुमचं म्हणणं. रोबोटने होणाऱ्या ऑपरेशनबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, ही तुमची तक्रार. आणि शेवटी, ‘ट्रे सांभाळून ऑपरेशन कळत नाही, मावशी.’

पहिली चूक माझी. व्हिपल यांचा निबंध १९३५चा, पण बर्लिनच्या वॉल्टर काउश यांनी १९०९मध्येच असं ऑपरेशन दोन टप्प्यांत केलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता शेवटच्या वाक्याकडे येते. मुंबईच्या हॉस्पिटलांत मावशी कोणाला म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असणारच. वॉर्डातल्या आयांना. त्या एक दिवस आल्या नाहीत तर वॉर्ड ठप्प होतो, त्यामुळे त्या शब्दात मला कमीपणा वाटत नाही. पण तुम्ही तो मला माझी जागा दाखवायला वापरलात. तीस वर्षं मला लोक सिस्टर म्हणत आले. तुम्ही खरंच सर्जन असाल, तर तुमच्या ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टरला ही प्रतिक्रिया एकदा वाचून दाखवा.

त्या तीस वर्षांतली चौदा मी ओटीत स्क्रब झाले, म्हणजे हात धुऊन सर्जनच्या हातात हत्यारं-दोरे दिले. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग असं सगळं एकसंध निघून माझ्या ट्रेमध्ये यायचं, तोवर पाच तास उलटलेले असायचे. नमुना बाहेर नातेवाईकांना दाखवायला न्यायचे आणि त्यांना वाटायचं, झालं ऑपरेशन. आत मात्र तेव्हा गाणी बंद व्हायची. तीन जोड घालायचे असत: स्वादुपिंडाचा, पित्तनलिकेचा, जठराचा. सगळ्यांचा श्वास अडकायचा तो पहिल्याला. स्वादुपिंडाची नळी कधी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. जुनाट सुजेने घट्ट झालेलं स्वादुपिंड टाका धरून ठेवतं, पण मऊ असलं की गाठ आवळताना दोरा लोण्यात उतरावा तसा आत उतरतो. पाच-शून्यचा बारीक दोरा सुईधारकात लावून देताना आमचे सर फक्त ‘सिस्टर, सावकाश’ म्हणायचे. मऊ ग्रंथी आणि बारीक नळी असेल तर गळतीचा धोका वाढतो, हे तुम्ही मला शिकवताय. माझ्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात तेच आहे. वाचलात का तो?

पुढची सोळा वर्षं सर्जिकल आयसीयूत गेली. एका रात्री, ऑपरेशनचा सहावा दिवस, पेशंट डोंबिवलीचे गृहस्थ. ड्रेनमधलं, म्हणजे पोटातून पिशवीत येणाऱ्या नळीतलं पाणी दोन दिवस मळकट येत होतं, त्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या पाचकरसातलं द्रव्य) वाढलेलं होतं, म्हणजे जोड गळत होता. अडीच वाजता पिशवीत ताजं लाल रक्त दिसलं. फार नव्हे, अर्धी वाटीही नसेल. रेसिडेंट डॉक्टर फोनवर म्हणाले, जुनं रक्त असेल, सकाळी बघू. मी ऐकलं नाही. थेट सरांना उठवलं. अँजिओग्राफीत ड्युओडेनमकडे जाणाऱ्या, ऑपरेशनमध्ये बांधलेल्या धमनीच्या टोकाला फुगा आलेला दिसला. गळलेल्या पाचकरसाने तिची भिंत खाल्ली होती. कॉइल (धातूची बारीक गुंडाळी) टाकून तो बंद केला. पहाटेपर्यंत थांबलो असतो तर एकदम धो धो रक्त गेलं असतं. ती धमनी कुठे बांधतात, तिच्या किती जवळ तो जोड येतो, हे मला त्या रात्री सुचलं कुठून? तिच्यावरचे दोरे चौदा वर्षं मीच हातात दिले होते. ते गृहस्थ चोविसाव्या दिवशी चालत घरी गेले. ट्रे सांभाळून काय कळतं, हे त्यांच्या बायकोला विचारा.

जठर की आतडं या वादात मला पडायचं नाही. आमचे सर आतड्यालाच जोडायचे, मी तेच पाहिलं आणि तेच लिहिलं. रोबोटचं व्हिपल मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्यावर मी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

तुमचं मत वेगळं असू शकतं, त्याला माझी हरकत नाही. पण खरं नाव न सांगता दुसऱ्याची लायकी काढायची, ही कुठली रीत? तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पुढची त्याच सुरात आली तर काढीन.

हे काल रात्रीच लिहायला बसले होते, पण मध्येच एका वाचकाचा मेसेज आला. वडिलांचं व्हिपल होऊन पाच दिवस झालेत, परळला आहेत, पिशवीतलं पाणी लालसर दिसतंय, चालेल का, असं त्याने विचारलं होतं. त्याला फोन करून म्हटलं, मला फोटो पाठवत बसू नकोस, आधी ड्यूटीवरच्या सिस्टरला उठवून आण. तो गेला तेव्हा फोन चालूच होता.