ओव्हरफ्लोच्या नळीला बोल्ट मारू नका: जुन्या गाडीच्या ‘सहा उपायां’ना उत्तर

‘जुनी गाडी बंद पडते? गॅरेजला पैसे घालवू नका, हे सहा उपाय करा’ असा, कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या दुचाकींसाठीचा एक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. नंदगडच्या मामांनी तो पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘नळीला बोल्ट मारला, गळती बंद.’ मामांना फोन करून बोल्ट काढायला लावलाय. पण हा मेसेज आणखी किती घरांत पोचला असेल, म्हणून हे लिहावं लागतंय.

पाचवा उपाय आधी घेते, कारण त्याने गाडी पेटू शकते. मेसेज म्हणतो, कार्बोरेटरखालच्या (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर नळीत बोल्ट घालून क्लिप आवळा, पेट्रोल वाचेल. अहो, ती नळी जादा पेट्रोल बाहेर काढायलाच दिलेली आहे! कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत, म्हणजे चेंबरमध्ये, पेट्रोल ठरलेल्या पातळीला आलं की त्यावर तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो आणि त्याची सुई टाकीकडून येणारी वाट बंद करते. सुई नीट बसली नाही तर पातळी चढत राहते आणि जादा पेट्रोल या नळीने खाली जमिनीवर जातं. नळी बंद केली म्हणून पेट्रोल यायचं थांबत नाही. ते एअर फिल्टरच्या डब्यात उतरतं, नाहीतर इनटेकमधून, म्हणजे मिश्रण इंजिनात जायच्या वाटेने, सिलिंडरमध्ये. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रात्रभर चालू राहिला तर फोर-स्ट्रोक गाडीत ते पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा: ऑइलची पातळी वाढलेली, बोटाला पातळ, वास पेट्रोलचा. अशा ऑइलवर गाडी पळवली की कॅम आणि बेअरिंगं जातात. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पेटीत, साचतं. किक मध्येच अडकली तर जोर लावू नका. प्लग काढा, त्याची वायर भोकापासून लांब धरा आणि मग सावकाश किक मारून पेट्रोल बाहेर काढा. ठिणगी जवळ असली तर तिथेच भडका उडेल. नळी बंद केलेली असेल तर बोल्ट काढा आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालू करण्याआधी ऑइल बदला.

गळतीवरचा खरा उपाय तासाभराचा आहे. कॉक बंद करा. चेंबरखालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाला पाण्याचा वेगळा थर किंवा गंजाचे कण दिसले तर मूळ दुखणं टाकीत आहे. चेंबर उघडून फ्लोटची पिन काढा आणि सुई बघा. रबरी टोकावर गोल रेघ उमटली असेल तर सुई नवी घाला. फ्लोट कानाशी हलवा. आत खुळखुळ आवाज आला तर फ्लोट फुटलाय. सुईची सीट इअरबडने पुसा. सगळं बसवल्यावर गाडी मेन स्टँडवर लावून कॉक चालू करा आणि दहा मिनिटं नळीकडे बघत बसा. गाडी साइड स्टँडवर फार कलली तर चांगल्या कार्बोरेटरमधूनही थेंब पडू शकतात, एवढं मान्य. रस्त्यात अचानक गळायला लागलं तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलके टोले मारा. अडकलेली सुई पुष्कळदा तेवढ्याने सुटते.

‘टाकीत पाव लिटर रॉकेल आणि दोन डांबरगोळ्या टाका, कार्बोरेटर आतून साफ होतो.’ हे वाचून संताप येतो. ऑक्टेन म्हणजे इंजिन न खडखडता जळण्याची क्षमता; त्यात रॉकेल साध्या पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही. रॉकेल मिसळलं की चढावर इंजिन खडखडतं, पिस्टन तापतो. रॉकेलची वाफही लवकर होत नाही, म्हणून सकाळी गाडी उशिरा चालू होते आणि न जळलेलं रॉकेल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं. डांबरगोळी पेट्रोलमध्ये विरघळते, हे खरं. पण चेंबरमधलं पेट्रोल उडून गेलं की ती जेटमध्येच, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यातच, पुन्हा घट्ट होते. शिवाय काही गोळ्या क्लोरीन असलेल्या रसायनाच्या असतात, ते तर इंजिनात जाताच कामा नये. रॉकेलने चेन धुवा, त्याला कुणाची हरकत नाही.

‘जेटमध्ये तार घाला.’ पायलट जेट आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून नुसती चालू असताना, पेट्रोल देतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक आणि जेट पितळेचा. समजा ०.३८ मिलिमीटरचं भोक घासून ०.४० झालं, तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ११ टक्क्यांनी वाढलं. मग गाडी आयडलला काळा धूर का सोडते, हे शोधत बसा. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, अर्ध्या तासाने पंक्चरवाल्याकडची हवा मारा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि फ्लोट, सुई आधी काढलेले हवेत.

‘मायलेजसाठी स्क्रू पूर्ण आवळा.’ कुठला स्क्रू, हे मेसेज सांगतच नाही. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आवळल्याने मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं; इंजिनच्या बाजूला असेल तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी होतं. दोन्हींचा परिणाम आयडलपासून जेमतेम पाव थ्रॉटलपर्यंत. निपाणी हायवेला पन्नासच्या वेगात पेट्रोल ठरवतात ती स्लाइडची सुई (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी, फ्लोटची नव्हे) आणि मेन जेट. जोरात आवळलात तर स्क्रूच्या टोकाने सीटवर वळ पडतो आणि कार्बोरेटर पुन्हा सेट होत नाही. इंजिन गरम करा, स्क्रू हलक्या हाताने टेकवा, दीड फेरा सोडा. मग पाव-पाव फेरा फिरवून आयडल जिथे सगळ्यात वर जातो तिथे ठेवा. शेवटी थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने आयडल खाली आणा, स्प्लेंडरसारख्या १०० सीसीला १,४०० च्या आसपास.

‘चोक अर्धा ओढून चालवा.’ चोक हा थंड इंजिन चालू करताना जादा पेट्रोल देण्यापुरता असतो. चोकशिवाय गाडी चालतच नसेल तर पायलट जेट तुंबलाय, नाहीतर कार्बोरेटर इंजिनला जोडणारं मॅनिफोल्डचं रबर चिरलंय. ते बघा.

राहिला पहिला आणि सगळ्यांचा आवडता मुद्दा: ‘सगळा दोष ई२० चा, चोर्ला उतरून गोव्यात टाकी भरा.’ ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल; ई१० मध्ये ते १० टक्के, ई० मध्ये अजिबात नाही. गोव्यात स्वस्त पडतं म्हणून भरत असाल तर भरा, पण साधं पेट्रोल तिथेही ई२०च आहे. आता यातलं अर्धं खरं आहे, ते कबूल करायला हवं. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की ई० साठी बनवलेल्या आणि ई१० वर जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज ई२० वर ३ ते ४ टक्के घटेल. म्हणजे ६० देणारी गाडी ५८ च्या आसपास देईल. तुमची ४० वर आली असेल तर कारण दुसरं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण थोडं लीन पडतं. प्लग पांढरा दिसत असेल आणि स्लाइडच्या सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येते. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटा आणि गंज सोडवतं, जुनी पेट्रोल नळी कडक किंवा फुगीर करतं. म्हणून नळी आणि फिल्टर बदला.

ई२० च्या नावाने खापर फोडण्याआधी कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक चालू करा. सलग धार यायला हवी. धार आधी चांगली आणि मिनिटभरात बारीक होत असेल तर टाकीचं झाकण उघडा. लगेच वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. चार-पाच किलोमीटरला बंद पडून थोड्या वेळाने आपोआप चालू होणारी गाडी पुष्कळदा एवढ्यानेच बरी होते. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून चेंबर रिकामा करा आणि टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.