‘एक्सेल पुरे, बाकी सीए बघेल’ : छोट्या धंद्याच्या हिशेबाबद्दल फिरणारा सल्ला कुठे चुकतो

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, आशय हाच : छोट्या धंद्याला अकाउंटिंग सॉफ्टवेअर म्हणजे पैशांची नासाडी. बिले एक्सेलमध्ये करा, नाही तर मोबाइलवर फुकटचे बिलिंग अ‍ॅप घ्या. रिटर्न शेवटी सीएच भरतो. सगळी सॉफ्टवेअर सारखीच, अगदीच हवे तर कुणाकडून तरी टॅली टाकून घ्या. क्लाउडवर डेटा ठेवू नका, चोरीला जातो. आणि कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्क्याने जीएसटी भरण्याची छोट्यांसाठीची योजना) असाल तर हिशेबाची भानगडच नाही.

यातले थोडेसे बरोबर आहे, ते आधी मान्य करू. महिन्याला दहा-पंधरा बिले, माल साठवायचा नाही, उधारी नाही, जीएसटी नोंदणी नाही, अशा कामाला नीट ठेवलेली वही किंवा एक्सेल चालते. शिकवणी घेणाऱ्यांनी किंवा एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरने उगाच खर्च करू नये. पण हा सल्ला किराणा, हार्डवेअर, मेडिकल आणि छोटे कारखाने चालवणाऱ्यांनाही दिला जातो. तिथे तो महागात पडतो.

‘एक्सेल पुरे’

तुपाचे उदाहरण घ्या. मालाचे नाव टाकले की कराचा दर आपोआप यावा म्हणून बरेच जण दुसऱ्या शीटवर दरांचा तक्ता ठेवतात आणि व्हीलुकअपने तो उचलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. तक्त्यात १२ च्या जागी ५ लिहिले की त्याच क्षणी त्या फाइलमधली सगळी जुनी बिलेही ५ टक्क्यांनी मोजली जातात. १० सप्टेंबरला १,००० रुपयांच्या तुपावर १२० रुपये कर लावून १,१२० चे बिल गिऱ्हाइकाच्या हातात गेलेले असते; शीट आता १,०५० दाखवते. कुठे लाल खूण येत नाही, कुठला इशारा येत नाही. त्या शीटवरून रिटर्न भरले तर कर कमी भरला जातो आणि फरक पुढे वर्षाला १८ टक्के व्याजाने भरावा लागतो.

हिशेबाच्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दर तारखेला बांधलेला असतो : अमुक तारखेपासून अमुक दर. जुने बिल जुन्याच दराने राहते. एक गोष्ट मात्र घेण्याआधी स्वतः करून बघा. १० सप्टेंबरला विकलेले तूप ऑक्टोबरमध्ये परत आले तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी) मूळ बिलाच्या १२ टक्क्यांनीच निघाली पाहिजे. क्रेडिट नोटला मूळ बिलाचा नंबर जोडता येत नसेल, तर आजचा दर उचलला जाण्याचा धोका राहतो.

एक्सेलच्या बारीक खोड्या वेगळ्याच. तुपाचा एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा कोड) ०४०५, चहाचा ०९०२. रकाना आधी ‘टेक्स्ट’ केलेला नसेल तर पुढचे शून्य गळते आणि ४०५, ९०२ उरतात. बिल नंबर ५-१२ टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. तोच नंबर रिटर्नमध्ये गेला तर घेणाऱ्याच्या २-बी मध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल बनवते ती खरेदीची यादी) एक नंबर आणि त्याच्या हातातल्या बिलावर दुसरा, आणि बिल जुळत नाही म्हणून तो तुमचे पैसे अडवून बसतो. त्याहून वाईट म्हणजे फक्त एकच रकाना निवडून सॉर्ट करणे. नावे वरखाली होतात, रकमा जागच्या जागी राहतात, आणि एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर जाते. एकूण बेरीज तीच असल्याने चूक महिनोन्‌महिने दिसत नाही.

आणि कायद्याचे काय? जीएसटीच्या नियम ५६ प्रमाणे हिशेब संगणकावर ठेवला तर बदललेल्या किंवा पुसलेल्या प्रत्येक नोंदीचा माग राहिला पाहिजे. एक्सेलमध्ये ओळ पुसून फाइल सेव्ह केली की साधारणपणे काही माग उरत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर अट आणखी कडक आहे : १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग (बदलांची आपोआप होणारी नोंद) बंद न करता येणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. प्रोप्रायटरी आणि भागीदारी संस्थेला ही दुसरी अट नाही, पण नियम ५६ नोंदणीकृत प्रत्येकाला आहे.

‘रिटर्न सीए भरतो, मग आपल्याला काय करायचे?’

सीए रिटर्न भरतो ते तुम्ही दिलेल्या आकड्यांवर. जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचीच राहते. शिवाय तारखा बघा. दरमहा भरणाऱ्याला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचे रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३-बी (कर भरण्याचे रिटर्न) २० तारखेपर्यंत भरायचे असते. २-बी तयार होते १४ तारखेला. बिलांची पिशवी १८ तारखेला सीएच्या ऑफिसात पोचली तर खरेदीची बिले २-बी शी ताडून बघायला दोन दिवस उरतात. एखाद्या पुरवठादाराने तुमचे बिल अपलोडच केले नसेल, तर त्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळत नाही. हे पंधरा तारखेला दिसले तर फोन करून काम होते. पुढच्या वर्षी दिसले तर वेळ निघून गेलेली असू शकते, कारण एका आर्थिक वर्षातले राहिलेले क्रेडिट त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी असेल तोवरच घेता येते.

सीएला न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे देण्यांचे वय. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून अथवा सेवा देणाऱ्याकडून काही घेतले, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला बाकी राहिली, तर नियमित हिशेबावर आयकर भरणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी हव्यात : पुरवठादार सूक्ष्म-लघु आहे की नाही याची खूण, आणि पेमेंट कुठल्या बिलापोटी दिले याची बिलवार नोंद. ऑपरेटरने सगळी पेमेंट ‘ऑन अकाउंट’, म्हणजे कुठल्याही बिलाला न जोडता, टाकून ठेवली की कुठले बिल किती दिवसांचे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. सॉफ्टवेअर कितीही भारी असो, ही सवय बिघडली की यादी निरुपयोगी.

‘मोबाइलवरचे फुकट बिलिंग अ‍ॅप पुरेसे आहे’

बिल करणे आणि हिशेब ठेवणे ही दोन कामे आहेत. फरक ओळखायची सोपी कसोटी म्हणजे अ‍ॅपकडे तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा तक्ता, ट्रायल बॅलन्स) मागायची. तेरीज नाही, खतावणी (खातेवार नोंदी, लेजर) नाही, ताळेबंद नाही, तर ते बिल छापायचे यंत्र आहे.

तेरीज असेल तर पुढे या तीन नोंदी टाकून बघा. गल्ल्यातून घरखर्चाला ५,००० उचलले : हे खर्चात न जाता भांडवलातून वजा झाले पाहिजेत. ४०,००० चे वजनकाटे घेतले : ही मालमत्ता आहे, वर्षअखेरीला तिच्यावर घसारा निघाला पाहिजे. कर्जाचा १०,००० चा हप्ता गेला, त्यात ३,२०० व्याज आणि ६,८०० मुद्दल : व्याज खर्चात आणि मुद्दल कर्जाच्या खात्यातून कमी झाले पाहिजे. अ‍ॅपने पूर्ण १०,००० खर्चात टाकले, तर महिन्याला ६,८०० आणि वर्षाला निदान ८१,६०० रुपयांचा नफा कमी दिसेल आणि कर्ज जिथल्या तिथे राहील. पुढे बँकेत कॅश क्रेडिटची (धंद्यासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जाची) मर्यादा वाढवून मागायला गेलात की हाच ताळेबंद मॅनेजरच्या टेबलावर असतो.

फुकट अ‍ॅप वापरूच नये असे नाही. फेरीवर माल देताना जागेवर बिल द्यायला ते उत्तम. फक्त त्यातला डेटा मुख्य हिशेबात एक्सेल फाइलने नेता येतो का, हे पहिल्या दिवशी बघा.

‘सगळी सारखीच, टॅली टाकून घ्या’

सारखी अजिबात नाहीत, आणि फरक कळतो तो साठ्यात. लोखंडाच्या दुकानात सळी टनावर येते, बिल किलोवर होते आणि गिऱ्हाईक नगावर मागते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळी हिशेबाने साधारण १०.७ किलोची, पण प्रत्यक्ष वजन लॉटगणिक थोडे वेगळे भरते. नग गुणिले १०.७ असे पक्के रूपांतर लादणारे सॉफ्टवेअर दर महिन्याला साठ्यात फरक दाखवत राहते. बिल करताना नग आणि किलो दोन्ही हाताने टाकता आले पाहिजेत. मेडिकलला बॅच, एक्सपायरी, एमआरपी, दहावर एक फुकट अशी स्कीम आणि अर्धी पट्टी विकण्याची सोय लागते. कापडाच्या दुकानाला रंग-साइजप्रमाणे साठा आणि बारकोड लागतो. नुसते सेवेचे काम असेल तर यातले काहीच नको, साधे स्वस्त सॉफ्टवेअर घ्या.

उलाढालही बघा. वर्षाला ५ कोटींच्या वर गेलात की नोंदणीकृत गिऱ्हाइकाला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) द्यावे लागते, आणि २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका वर्षात ही रेषा ओलांडली असेल तर नंतर धंदा घसरला तरी सुटका नाही. साडेतीन-चार कोटींवर असाल तर ही सोय आजच बघून ठेवा. ई-वे बिल (माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन परवाना) महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि परराज्यात ५० हजारांच्या वर लागते. ते बिलावरूनच निघत असेल तर गाडी नंबर सोडून दुसऱ्यांदा काही टाइप करावे लागत नाही.

टॅलीच्या बाजूने एक खरे कारण आहे : तालुक्याच्या गावातही टॅली येणारा माणूस सापडतो. हे कारण छोटे नाही. पण ‘टाकून घ्या’ याचा अर्थ क्रॅक केलेली प्रत असेल, तर स्पष्ट सांगतो, घेऊ नका. नवे अपडेट मिळत नाही, रिटर्नचा नमुना बदलला की अडकायला होते, आणि क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो तो त्याच संगणकावर, जिथे तुमचे नेटबँकिंग उघडते. कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. बघायलाच हवे असेल तर टॅलीचा एज्युकेशनल मोड फुकट चालतो. त्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांना नोंदी होतात, पण अर्धा दिवस बसून स्वतःची दहा किचकट बिले टाकून बघायला तेवढे पुरते. किचकट म्हणजे : परत आलेला माल, बिलानंतर दिलेली सूट, वाहतूक खर्च धरून केलेले बिल, परराज्यातले बिल, आगाऊ घेतलेले पैसे. विक्रेत्याने दाखवलेला डेमो यासाठी कामाचा नाही. त्यात सगळे सरळच असते.

‘क्लाउडवर डेटा चोरीला जातो’

चोरीची भीती खोटी नाही, पण दुकानातल्या संगणकाची हार्ड डिस्क जाणे किंवा रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइली कुलूपबंद होणे जास्त जवळचे आहे. कायमची लावून ठेवलेली पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, तिच्यावरच्या फाइलीही त्याच झटक्यात जातात. दोन पेनड्राइव्ह आलटूनपालटून, एक कायम घरी, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर बॅकअप उघडून बघायचा. उघडून न बघितलेला बॅकअप हा बॅकअप म्हणून धरू नका.

क्लाउड घेताना विचारायचा प्रश्न वेगळा आहे : सोडायची वेळ आली तर डेटा कुठल्या रूपात हातात येईल? इंट्यूट कंपनीने क्विकबुक्स २०२३ मध्ये भारतात बंद केले, आणि वापरणाऱ्यांना बाडबिस्तारा हलवावा लागला. पीडीएफ मिळून उपयोग नाही. खाती, मालाची यादी, प्रत्येक व्हाउचर आणि बिलवार बाकी एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये मिळाली पाहिजे. जीएसटीच्या कायद्यात हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचा असतो. २०२३-२४ चा म्हणजे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. वर्गणी थांबवली तर जुनी वर्षे निदान बघता येतील का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्या, पुसण्याचा हक्क ऑपरेटरला देऊ नका, आणि माणूस नोकरी सोडेल त्याच संध्याकाळी त्याचे लॉगिन बंद करा.

‘कंपोझिशनवाल्याला हिशेब नको’

हे सरळ चूक आहे. साठ्याच्या तपशीलवार नोंदींतून सूट आहे, विक्री-खरेदीच्या हिशेबातून नाही. दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ (कर भरण्याचे तिमाही विवरण) आणि वर्षाला जीएसटीआर-४ (वार्षिक रिटर्न) भरावेच लागते, आणि मालाच्या धंद्यात दीड कोटीची मर्यादा कधी ओलांडली जाते यावर नजर हवी. सॉफ्टवेअरमध्ये कंपोझिशन निवडल्यावर टॅक्स इन्व्हॉइसऐवजी ‘बिल ऑफ सप्लाय’ निघते का, कर वेगळा दाखवला जात नाही ना, आणि आपण कंपोझिशनमध्ये असल्याने कर घेता येत नाही हे वाक्य बिलाच्या माथ्यावर छापले जाते का, एवढे तपासा.

शेवटी सुरुवात कधी करायची याबद्दल. १ एप्रिल सगळ्यात बरा, तो हुकला तर तिमाहीचा पहिला दिवस. बिलांची नवी मालिका लावा, नंबर १६ अक्षरांच्या आत ठेवा. मागच्या वर्षाचे पक्के आकडे एप्रिलमध्ये तयार नसतात, म्हणून आधी रोकड, बँक, मोजलेला साठा आणि उधारी टाका, बाकी ऑडिट झाल्यावर. तोवर टॅलीच्या ताळेबंदात ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ अशी ओळ दिसेल. ऑडिटनंतरही ती राहिली तर एखादे खाते टाकायचे राहून गेले आहे. उधारी मात्र पहिल्या दिवसापासून बिलवार टाका. ‘जुनी बाकी ८६,४००’ अशी एकच ओळ टाकली, तर गिऱ्हाइकाने २०,००० आणून दिल्यावर ते कुठल्या बिलाचे, हे त्यालाही सांगता येणार नाही आणि तुम्हालाही.