‘सेन्सर खराब निघाला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडचा टेम्परेचर सेन्सर बसवल्यावर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खालीच पडून राहिला, भरलेला ट्रक चढाला लागल्यावर एकदम लाल पट्ट्यात गेला, आणि पार्ट परत पाठवल्यावर ‘आट्यांवर टेप लावली आहे, परत घेता येत नाही’ असं उत्तर मिळालं. तुमचा राग रास्त आहे. चूक आमची आहे.

परत आलेला पार्ट मी स्वतः तपासला. त्याच्या षटकोनी कडेवर बारीक आकड्यांत १०५ कोरलेलं आहे. थंड असताना मल्टिमीटरवर काहीच रीडिंग येत नव्हतं. तेलात बुडवून तापवला, तेव्हा १०५ अंशांच्या आसपास आतला संपर्क जुळला. म्हणजे पार्ट चालू आहे, पण तो धोक्याच्या दिव्याचा स्विच आहे. काट्याला लागतो तो सेंडर. सेंडरचा रोध इंजिनाचं पाणी (कूलंट) तापेल तसा हळूहळू कमी होतो आणि काटा त्याबरोबर वर चढतो. स्विचला मधलं काही कळत नाही, एकतर बंद नाहीतर चालू. दोघांनाही एकच वायर, पितळी अंग तेच, बऱ्याचदा आटेही तेच. तुम्ही जुन्या पार्टचा फोटो पाठवला होता. आमच्या माणसाने आटे आणि टोक जुळवलं आणि डबा दिला. मीटर लावला असता तर तिथेच कळलं असतं: सेंडर थंड असतानाही काही ओहम रोध दाखवतो, स्विच दाखवत नाही.

तुम्हाला गेजवरही, म्हणजे काट्याच्या मीटरवरही, शंका आहे. तो बदलू नका. काटा लाल पट्ट्यापर्यंत गेला, याचा अर्थ गेज आणि वायर दोन्ही शाबूत आहेत. मेकॅनिक मंडळी सेंडरची वायर काढून, चावी चालू ठेवून, क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवतात आणि काटा वर जातो का बघतात. जुन्या एकवायरी गेजची हीच परीक्षा, आणि स्विचने आत जुळून, वायर तशीच धातूला जोडून ती तुमच्या नकळत घेतली. मात्र दोन पिनांचा, कॉम्प्युटरला जाणारा सेन्सर असेल तर त्याच्या वायरवर हा प्रयोग करू नका. तो वेगळाच प्रकार: २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास, आणि त्याची वायर एकवायरी सेंडरसारखी थेट काट्याला जात नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. स्विच जुळला म्हणजे पाणी खरोखर १०५ च्या घरात गेलं होतं, आणि तिथवर काट्याने तुम्हाला काहीच सांगितलं नाही. तुमच्या ड्रायव्हरने गाडी लगेच थांबवली, फार बरं केलं. नवा सेंडर बसवण्याआधी कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट आणि फॅन नक्की बघून घ्या. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.

टेपबद्दल दोन शब्द. ते कारण सांगून पार्ट नाकारणं चुकीचं होतं, कारण चुकीचा पार्ट आम्हीच दिला होता. पण नव्या सेंडरला टेपचे जाड वेढे देऊ नका. एकवायरी सेंडरला अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूशी जोडणी, मिळते ती आट्यांतूनच. ती तुटली की काटा पुन्हा खाली. बसवल्यावर सेंडरचं अंग ते बॅटरीची ऋण बाजू असा रोध मोजा, रीडिंग जवळजवळ शून्य यायला हवं.

पार्टचे पूर्ण पैसे आणि परत पाठवण्याचा खर्च आम्ही देतो. योग्य सेंडर आमच्या खर्चाने पाठवतो, फक्त गेज कुठल्या मेकचा आहे आणि त्यावर १२ व्होल्ट लिहिलंय की २४, याचा एक फोटो द्या. रोध गेजशी जुळला नाही तर काटा हलेल, पण खोटं सांगेल.