हार्टला चांगली असते म्हणे!

आमच्या शनिवारच्या बैठकीत दुसरा पेग भरताना कुणीतरी म्हणतंच, "अरे, थोडी घेतलेली हार्टला चांगली." इतकी वर्षं मीही मान डोलवली. बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा कुठे जरा वाचायला बसलो.

ह्या समजाला जोर आला फ्रान्समुळे. लोणी-चीज हाणूनही तिथे हृदयविकार कमी, मग श्रेय रेड वाइनला. १९९१ साली अमेरिकेत टीव्हीवर हे झळकलं आणि तिथे रेड वाइनचा खप चढला. पुढे बऱ्याच पाहण्यांतही थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा ठणठणीत दिसले. गोम अशी, की 'न पिणाऱ्यां'त लिव्हर बिघडल्यावर किंवा डॉक्टरांनी दम दिल्यावर सोडलेलेही धरले होते. ते आजारी असणारच! शिवाय बेताने पिणारा बहुधा पैशाअडक्याने बरा असतो, तपासण्या वेळेवर करतो. हे सगळं वजा केलं की फायदा बराच आटतो. हृदयाबाबत अजून वाद आहेत, कबूल. कॅन्सरबाबत मात्र नाहीत. दारूमुळे कॅन्सर होतो हे १९८८ पासून अधिकृत यादीत आहे, आणि त्यात वाइनला सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, सुरक्षित असं प्रमाणच नाही. अर्थात शनिवारचा एक पेग आणि रोजची क्वार्टर सारखीच, असा त्याचा अर्थ नव्हे. जितकी जास्त, तितका धोका जास्त.

आणि 'थोडी' म्हणजे किती हो? परवा मुलाच्या खोकल्याच्या औषधाचं माप घेऊन माझा 'छोटा' मोजला. ३० मिली समजत होतो, निघाला ५० च्या वर! आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत ३० मिलीला साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. आमच्यात एक जण "मी फक्त बिअर घेतो" म्हणत सोवळ्यात बसतो. त्याची ८ टक्क्यांची स्ट्राँग, ६५० मिलीची बाटली म्हणजे जवळपास ४१ ग्रॅम. चार छोटे पेग! आणि हा आम्हाला बेवडे म्हणायचा.

मी सोडलेली नाही. मित्र जमतात, खारे दाणे असतात, जुन्या ऑफिसच्या गोष्टी निघतात, मला ते आवडतं. ते आवडतं म्हणूनच पितो, हृदयाला कशाला मध्ये आणायचं?

गेल्या शनिवारी ते औषधाचं माप बैठकीत काढलं. बिअरवाला म्हणाला, "दिवसातून किती वेळा घ्यायचं, डॉक्टर? जेवणाआधी की नंतर?"