काबूलला ‘काही होत नाही’ म्हणे!

एक मजकूर गेले बरेच दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. कधी तो लांबलचक संदेश म्हणून येतो, कधी बामियानच्या कड्यासमोर हात पसरून उभ्या असलेल्या कुणाच्या रीलखाली. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणं तेच: अफगाणिस्तानातलं युद्ध 2021 ला संपलं. काबूल आता आपल्या शहरांपेक्षा सुरक्षित. भारतीय म्हटलं की चहाचे पैसेही घेत नाहीत. बायकाही बिनधास्त फिरतात. लसींच्या भानगडीत पडू नका, नेहमीच्या गोळ्या ठेवा, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा आणि निघा. अडचण आलीच तर आपला दूतावास आहे.

यातलं चहाचं खरं आहे. हिंदी सिनेमा, 2015 साली भारताने बांधून दिलेली संसदेची इमारत, हेरातजवळचं सलमा धरण, या सगळ्यामुळे भारतीयांबद्दल तिथे आपुलकी आहे. जाऊन आलेले लोक खोटं बोलत नाहीत. पण आपुलकीने रेबीजची लस उपलब्ध होत नाही.

“युद्ध संपलं.” तालिबान आणि आधीचं सरकार यांच्यातली लढाई 15 ऑगस्ट 2021 ला संपली, हे बरोबर. त्यानंतरचं काय? 18 जून 2022 ला काबूलच्या कार्ते परवान गुरुद्वारावर हल्ला झाला. 17 मे 2024 ला बामियानच्या बाजारात पर्यटकांवर गोळीबार झाला आणि तीन स्पॅनिश पर्यटक आणि त्यांच्यासोबतचे अफगाण मारले गेले. जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली. बामियान म्हणजे, लक्षात घ्या, जे ठिकाण सगळ्यात शांत म्हणून या रील्समध्ये दाखवलं जातं तेच. ऑक्टोबर 2025 मध्ये पाकिस्तानशी चकमकी झडल्या आणि तोरखम, चमन ही सीमेवरची नाकी बंद झाली. युद्ध संपलं असं म्हणणाऱ्याने कुठलं, हे सांगायला हवं.

तरीही बॉम्ब हा माझा मुख्य मुद्दा नाही. हल्ल्यात सापडण्याची शक्यता एका प्रवाशापुरती कमीच असते, आणि म्हणूनच ‘मी गेलो, मला काही झालं नाही’ असं सांगणारे शंभर लोक सापडतात. विचारायचं ते असं की, साधंसंच काही झालं, तर पुढे काय? पाय मोडला, कुत्रा चावला, छातीत दुखलं. पुण्यात किंवा नागपुरात याचं उत्तर अर्ध्या तासात मिळतं. चाळीस वर्षं लढाई चाललेल्या देशात तेच उत्तर मोडून पडलेलं असतं.

रस्त्यांचंच घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये हेरात प्रांतात इराणहून परतणाऱ्यांची बस ट्रक आणि मोटरसायकलवर आदळून पेटली, 70 हून अधिक माणसं गेली. डिसेंबर 2024 मध्ये काबूल-कंदहार महामार्गावर गझनी प्रांतात लागोपाठ दोन अपघात झाले, त्यांत सुमारे 50. रीलमध्ये हा महामार्ग पार्श्वसंगीतासह येतो. रात्रीचा प्रवास नको, पट्टा नसलेली गाडी नको, ड्रायव्हरला झोप आलेली दिसली की थांबायला सांगायचं. घरातले वडीलधारे सांगतात तेवढंच, पण तिथे ते पाळण्याचं मोल वेगळं. अपघातानंतर रक्त देणारी पेढी आणि शस्त्रक्रिया करणारं टेबल कित्येक तासांवर असू शकतं.

आणि रस्ता सोडायचा नाही. हे मी दोनदा लिहीन. सोव्हिएत काळापासूनचे सुरुंग आणि न फुटलेले गोळे या मातीत अजून आहेत. सुरुंग काढणारी हॅलो ट्रस्ट ही संस्था 1988 मध्ये जन्मली ती याच देशात, आणि तिचं काम अजून संपलेलं नाही. बळी सगळ्यात जास्त लहान मुलांचे, कारण तीच गुरं राखायला आणि भंगार गोळा करायला माळावर जातात. कडेला लाल रंग दिलेले दगड दिसले तर पलीकडची जमीन तपासलेली नाही. पांढरा रंग म्हणजे साफ केलेली. पण सगळीकडे दगड रंगवलेले असतीलच असं नाही, आणि पुराच्या पाण्याने सुरुंग जागा बदलतात. त्यामुळे फोटोसाठी टेकडी चढणं नको, आणि आपल्याकडच्यासारखं गाडी थांबवून ‘जरा आडोशाला’ जाणंही नको. लोकांची पावलं उमटलेल्या वाटेवरच उभं राहायचं, लाज वाटली तरी. रस्ता सोडायचा नाही.

“लसी-बिसी कशाला, आपलं पोट भारतीय आहे.” हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला छान वाटतो. जंगली पोलिओ विषाणू आज जगात दोनच देशांत ठाण मांडून आहे, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. भारत मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, आणि त्याच वर्षापासून अशा देशांत जाणाऱ्या भारतीयांनी निघण्याच्या किमान चार आठवडे आधी पोलिओचा डोस घ्यावा असा आपल्याच सरकारचा नियम आहे. लहानपणी दोन थेंब घेतले होते, हे उत्तर पुरत नाही. तुम्ही आजारी न पडताही विषाणू आतड्यात घेऊन परत येऊ शकता, आणि घरी नुकतं जन्मलेलं भाचरं असेल तर? म्हणजे आठ दिवसांत ठरवून निघायचा बेत इथेच अडतो.

भारतीय पोटाबद्दल आणखी एक. हिपॅटायटिस ए, म्हणजे साधी कावीळ, आपल्या आधीच्या पिढीला लहानपणीच होऊन जायची, आणि मग आयुष्यभर संरक्षण मिळायचं. फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेल्या शहरी तरुणांना ती होऊन गेलेली नसते, आणि मोठेपणी झाली तर जास्त त्रास देते. टायफॉइड, धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांच्या लसींचंही डॉक्टरांना विचारा.

कुत्रा चावला तर? आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळते म्हणून आपण निर्धास्त असतो. खोल जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, लागतं, आणि ते काबूलबाहेर मिळेल असं धरून चालू नये. निघण्याआधीच रेबीजचे डोस घेतले असतील तर चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, पुढचे दोन डोस मात्र घ्यावेच लागतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची, तीही घड्याळ लावून.

काबूल शहर त्वचेच्या लेशमॅनियासिससाठी, म्हणजे माशीच्या चाव्यातून होणाऱ्या व्रणांच्या आजारासाठी, जगात कुप्रसिद्ध आहे. सँडफ्लाय ही बारीक माशी संध्याकाळी चावते, आणि चेहऱ्यावरचा व्रण भरायला महिनोन्‌महिने लागतात, वर डाग राहतो तो वेगळाच. आपली नेहमीची मच्छरदाणी तिला अडवत नाही, ती जाळीतून आत येते. औषध लावलेली बारीक जाळीची दाणी आणि पूर्ण बाह्या. उन्हाळ्यात सखल भागात मलेरियाही असतो.

हिवाळ्यात जाणाऱ्यांना वेगळंच सांगायचं आहे, कारण आपल्या कोकण-देशावरच्या माणसाला याची कल्पना नसते. खोलीत कोळशाची किंवा लाकडाची बुखारी पेटवतात आणि थंडी अडवायला खिडक्या बंद करतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. खिडकी बोटभर उघडी ठेवायची, झोपण्यापूर्वी बुखारी विझवायची, आणि हा वायू ओळखणारा, बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म बॅगेत टाकायचा. कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा तो स्वस्त आहे.

“नेहमीच्या गोळ्या ठेवा.” ठेवा, पण कुठल्या मार्गाने जाताय ते पाहून. दुबईत विमान बदलणार असाल तर ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, काही झोपेच्या गोळ्या यांना तिथे आधी परवानगी लागते. खसखस तर चालतच नाही, आईने करून दिलेल्या अनारशांवरचीही. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह आणि औषधं मूळ पाकिटातच ठेवायची. रक्तदाब-मधुमेहाची औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा जास्त न्यायची, कारण विमानं रद्द होतात.

“इन्शुरन्स काढा.” काढलेला कागद उघडून ‘काय समाविष्ट नाही’ हे पान वाचलंय का? युद्ध, यादवी, सशस्त्र संघर्ष यांतून झालेली इजा बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते. कॅशलेससाठी तिथल्या रुग्णालयाचं विमा कंपनीशी काही नातं असावं लागतं. कार्ड चालत नाहीत, पैसे रोख डॉलरमध्ये मोजावे लागतात. आणि रुग्णालय म्हणजे तरी कुठलं? 2025 मध्ये परदेशी मदत आटल्यावर देशभरातली 400 हून अधिक आरोग्य केंद्रं बंद पडली किंवा थांबली. ऐपत असलेले अफगाण कुठे जातात ते दिल्लीच्या लाजपत नगरात जाऊन पाहा. औषधांच्या दुकानांवरच्या दारी भाषेतल्या पाट्या त्यांच्यासाठीच आहेत. ते उपचारांसाठी इकडे येतात, आणि आपला संदेश सांगतो की नुसत्या पॅरासिटामॉलवर तिकडे जा.

बायकांबद्दल थोडक्यात. परदेशी बायका जातात आणि परत येतात, हे खरं. स्थानिक बायकांवरचे नियम त्यांना तितके कडक लागू होत नाहीत. पण ऑगस्ट 2023 पासून बंद-ए-अमीरच्या राष्ट्रीय उद्यानात बायकांना मनाई झाली, आणि डिसेंबर 2024 मध्ये मुलींचं नर्सिंग-सुईणीचं शिक्षणही थांबवलं गेलं. आजारी पडल्यावर तपासायला बाई डॉक्टर मिळेल का, हा प्रश्न बिनधास्तपणाने सुटत नाही.

राहिला दूतावास. ऑगस्ट 2021 मध्ये आपले अधिकारी काबूलमधून बाहेर पडले, जून 2022 मध्ये एक तांत्रिक पथक परतलं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्याला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा झाली. पण हेरात, कंदहार, मजार-ए-शरीफ, जलालाबाद इथली वाणिज्य दूतावासं 2020 आणि 2021 मध्ये बंद झाली. हेरातला पाय मोडला तर काबूल शेकडो किलोमीटरवर. अटक झाली तर आणखी अवघड: 2022 च्या डिसेंबरमध्ये पकडलेला एक अमेरिकी पर्यटक मार्च 2025 मध्ये सुटला, आणि त्याच्यासाठी वाटाघाटी करणारी सरकारं बलाढ्य होती. परवानगीशिवाय ड्रोन उडवल्याबद्दलही एका परदेशी बाईला अटक झाली आहे. ड्रोन घरी ठेवा. नाक्यांचे आणि चौक्यांचे फोटो नकोत.

‘लोकेशन शेअर करून ठेवतो’ हेही पुरत नाही. 29 सप्टेंबर 2025 ला तालिबानने देशभरातलं इंटरनेट आणि मोबाइल सेवा बंद केली, ती सुमारे दोन दिवस. विमानंही थांबली. म्हणून जायचंच असेल तर कागदावर लिहा: कुठल्या दिवशी कुठल्या गावात, कुणाच्या घरी किंवा कुठल्या हॉटेलात, गाडीवाल्याचा नंबर, रक्तगट, औषधांची नावं, दूतावासाचा पत्ता. एक प्रत खिशात, एक घरी. आणि घरच्यांशी आधीच ठरवून टाका की किती दिवस फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, म्हणजे दोन दिवस इंटरनेट गेलं म्हणून रडारड नको आणि आठ दिवस गेले तरी वाट पाहत बसणं नको.