पहिला ट्रॅक्टर पन्नास एचपीचाच? आधी हिशेब मांडा

पाडवा किंवा दसरा जवळ आला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: "पहिला ट्रॅक्टर पन्नास एचपीच्या खाली घेऊ नका, पस्तावाल. निम्मे पैसे अनुदानात येतात. उरलेला हप्ता भाड्यावर निघतो. शेतीच्या ट्रॅक्टरला लायसन्स-विमा कोणी विचारत नाही. जीप चालवणाऱ्याला ट्रॅक्टर येतोच. सर्व्हिस मात्र जवळची बघा." पाठवणारा बहुधा भलं व्हावं म्हणूनच पाठवतो. पण शेवटचं वाक्य सोडलं तर यातलं काहीही तपासणीला टिकत नाही.

"पन्नासच्या खाली नको." का नको, ते मेसेज सांगत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्या रानात दोन टनांच्या वरचं धूड वळवायचं तर चारी बाजूंच्या धुऱ्यावरच रान वाया जातं. शिवाय काळ्या रानात वाफसा यायच्या आत, म्हणजे ओल बेताची व्हायच्या आधी, घाई करून जड ट्रॅक्टर घातला की चाकाखालची माती दाबून बसते. वरून भुसभुशीत दिसतं आणि वीतभर खाली मुळांना वाट मिळत नाही.

उलट्या बाजूने सुरुवात करा. आधी अवजार ठरवा, मग ट्रॅक्टर. वर्षातलं मुख्य काम पाच फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार), नऊ फणी कल्टिव्हेटर आणि एक ट्रॉली एवढंच असेल, तर चाळीस-पंचेचाळीस एचपीत ते निघतं. नाशिक किंवा तासगावकडची द्राक्षं, सांगोल्याकडची डाळिंबं असतील तर दोन ओळींमधून जायला वीस ते अठ्ठावीस एचपीचा अरुंद मिनीच लागतो, तिथे पन्नासचा शिरणारच नाही. मोठा पलटी नांगर, खोल नांगरट आणि कारखान्याची ऊसवाहतूक असेल तर पन्नासचा विचार जरूर करा. तेव्हा तो आकडा कामातून आलेला असतो.

आणि आकडा तरी कोणता? बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणीचा ब्लोअर हे सगळं चालतं पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथपर्यंत पोचेतो साधारण दहा ते वीस टक्के ताकद कमी झालेली असते. दोन कंपन्यांचे 'पंचेचाळीस' पीटीओवर सारखे नसतात. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, ओढ, हायड्रॉलिकची उचल हे सगळं मोजून दिलेलं असतं. डीलरकडे त्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल मागा. तो टाळाटाळ करू लागला तर तेही उत्तरच समजा.

पन्नासच्या वर गेल्यावर आणखी एक गोष्ट बदलते, जी मेसेज लिहिणाऱ्याच्या गावी नाही. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम, म्हणजे ट्रेम-४, लागू झाले. त्यामुळे किंमत वाढली आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं. नाक्यावरचा फिटर पाना घेऊन जे उघडायचा, त्यासाठी आता कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यावा लागतो. पेरणीच्या आठवड्यात तो किती दिवसांनी येईल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

"निम्मे पैसे अनुदानात." पन्नास टक्के हा शब्द खरा, पण त्याला रुपयांची मर्यादा आहे हे गाळलं जातं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या यांत्रिकीकरण योजनेत अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी सव्वा लाखापर्यंत आणि इतरांना लाखापर्यंत, अशी ती मर्यादा राहिली आहे. आठ लाखांच्या ट्रॅक्टरचं निम्मं म्हणजे सव्वा लाख नव्हे. कृषी खात्याची पूर्वसंमती हातात येण्याआधी मुहूर्त गाठायला ट्रॅक्टर उचलला, तर तेही गेलं. अर्ज न करता सगळ्यांनाच मिळालेली सवलत वेगळीच आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला.

"हप्ता भाड्यावर निघतो." बघू. समजा सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, बारा टक्के व्याज, सहामाही हप्ता. हप्ता साधारण साडेएक्याऐंशी हजारांचा येतो, म्हणजे वर्षाला एक लाख त्रेसष्ट हजार. समजा रोटाव्हेटरचे एकरी दोन हजार मिळाले. त्यातून डिझेल, ड्रायव्हर, झिजलेली पाती, ऑइल आणि टायरची झीज काढून हजार उरले. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी लोकांचं एकशे त्रेसष्ट एकर रान झालं पाहिजे. ताशी एकर धरला तरी रोज आठ तासांप्रमाणे वीस-एकवीस दिवस, तेही एकही दिवस न थांबता. ज्या गावात दोनच ट्रॅक्टर आहेत तिथे हे जमेल. पण आज बहुतेक गावांत गल्लीगल्लीत ट्रॅक्टर उभा आहे, आणि पाऊस पडला की सगळ्यांना एकाच आठवड्यात पेरायचं असतं, तुम्हालासुद्धा. वर भाडं रोख मिळेल असं धरलंय. "मोसंबी गेली की देतो" म्हणणाऱ्या भावकीला व्याज कोण लावणार?

कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) घेऊन आरसीवरची, म्हणजे नोंदणी पुस्तकावरची, कर्जाची नोंद अर्थात बोजा उतरवून घ्या. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी तर पैसे देण्याआधी आरसीवर कुणाचा बोजा आहे का ते बघावंच.

"लायसन्स-विमा कोणी विचारत नाही." रोज विचारत नसतील, पण अपघात झाला की सगळे विचारतात. ट्रॅक्टर हे कायद्याने मोटार वाहनच आहे. रिकामं वजन साडेसात हजार किलोच्या आत असल्याने हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, पण ते लागतं. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी होते. आणि ट्रॅक्टरवर सीट एकच असते, म्हणून मडगार्डवर बसलेला पाहुणा किंवा ट्रॉलीतला मजूर विम्यात बसत नाही. ब्रिज मोहन प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ट्रॉलीतल्या जखमी मजुराच्या भरपाईसाठी विमा कंपनी जबाबदार नाही असंच म्हटलं. मजुराची गरिबी पाहून पैसे आधी कंपनीने द्यावेत, मात्र नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. मालक म्हणजे आपण.

ट्रॉलीतून मजूर नेण्याची किंमत फक्त पैशांत होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि सात जणी दगावल्या. आपल्याकडे पाणंदीच्या कडेला कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत, ते मोजायला लांब जावं लागत नाही.

"जीप येते त्याला ट्रॅक्टर येतो." या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. जीपला ब्रेकचं पॅडल एक असतं, ट्रॅक्टरला दोन: डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. दोन्हींना जोडणारी एक छोटी पट्टी असते. शेतात आखूड वळायचं म्हणून ती सोडलेली असते, आणि संध्याकाळी तशीच सुटी ठेवून ट्रॅक्टर डांबरीवर येतो. मागे भरलेली ट्रॉली, समोर अचानक म्हैस, पाय एकाच पॅडलवर पडतो आणि ट्रॅक्टर एका बाजूला गर्रकन फिरतो. रस्त्याला लागण्याआधी खाली वाकून ती पट्टी अडकवायची, एवढंच काम आहे. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे तर महाभागच. ट्रॉलीला बहुतेकदा स्वतःचा ब्रेक नसतो, ती मागून ढकलतच असते. उतार गिअरमध्येच उतरायचा.

चिखलात रुतल्यावर साखळी टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या मागच्या वरच्या दांड्याच्या) जागेला बांधणं ही दुसरी चूक. ओढ उंचावर गेली की मागची चाकं जागेवर राहतात आणि पुढचं तोंड वर उठतं. उलटून अंगावर यायला चालकाला उडी मारण्याइतकाही वेळ मिळत नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारनेच, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीनेच, आणि पुढची चाकं उचलू लागली की लगेच क्लच दाबायचा. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर पलटी झाल्यास चालकाला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला. आपल्याकडे तो बहुतेक ट्रॅक्टरवर नसतो. असेल तर बेल्ट लावा. नसेल तर मात्र बेल्टने स्वतःला बांधून घेऊ नका.

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर त्यात गेला की हात मागे घ्यायलाही सवड नसते. त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर ग्रीस भरायला अडचण होते म्हणून पहिल्याच हंगामात काढून गोठ्यात फेकलेलं मी घरोघर पाहतो. खाली उतरण्याआधी पीटीओ बंद, इंजिन बंद, आणि फिरत्या शाफ्टवरून ओलांडणं कधीच नाही. घरातल्या पोरांनाही हे आधी सांगा, स्टिअरिंग नंतर द्या.

राहिलं सर्व्हिसचं वाक्य. ते बरोबर आहे, फक्त शोरूमची चकाकी बघून ते ठरत नाही. त्याच डीलरकडून ट्रॅक्टर घेतलेल्या दोघा-तिघांना विचारा, जूनमध्ये बिघाड झाला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला. आणि घासाघीस करताना लोक हूड, बंपर, टेप फुकट मागतात. त्याऐवजी पीटीओचं कव्हर, पुढची वजनं आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर मागा, आणि कोटेशनवर लिहून घ्या.